अनुदिनीचे दिवस

'ब्लॉग' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द काय, असा प्रश्न मी दर वर्षी एम. ए.च्या वर्गाला विचारते आणि दर वर्षी सारा वर्ग खिडकीबाहेर पाहू लागतो. एखादी धीट मुलगी 'ब्लॉगच' म्हणून मोकळी होते. तिचे काही चूक नाही. पण वीसएक वर्षांपूर्वी या शब्दाच्या बारशाला मराठीत पुष्कळ मंडळी जमली होती. कोणी 'अनुदिनी' हे नाव सुचवले, कोणी 'जालनिशी'. 'जालनिशी' ही उघडउघड रोजनिशीची धाकटी बहीण. 'अनुदिनी'ला मात्र जुन्या ओव्या-अभंगांचा थोडा वास आहे. मला तोच शब्द आवडतो. मूळ इंग्रजी शब्दाचा इतिहास त्या मानाने अगदीच गमतीचा. १९९७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत 'वेबलॉग' हा शब्द निघाला. जाळ्यावरची नोंदवही, एवढाच त्याचा अर्थ. दीड-दोन वर्षांत, म्हणजे १९९९ साली, एका गृहस्थाने थट्टेने तो 'वी ब्लॉग' असा भलत्याच जागी तोडला, आणि तोडलेले शेपूटच जगभर चालू लागले!

आता हे अनुदिनी प्रकरण होते तरी काय, हे घरातल्या पन्नाशीच्या माणसांना सांगण्याची जरूर पडत नाही. सांगावे लागते ते विशीतल्या मुलांना. कोणाही माणसाने, संपादकाच्या कचेरीची पायरी न चढता आणि 'साभार परत'च्या लिफाफ्याची धास्ती न बाळगता, आपल्या नावाचे एक पान उघडावे, त्यावर मनात येईल ते लिहावे आणि ते जगाच्या वेशीवर टांगावे. वाचणाऱ्याने वाटल्यास खाली चार ओळींचा प्रतिसाद टाकावा. पैशाचे देणे नाही, घेणेही नाही. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. आणि फुकट पान देणारी 'ब्लॉगर'सारखी सोय १९९९ साली निघाली. म्हणजे सोय झाली होती. पण मराठी माणसाचे घोडे एका निराळ्याच पेंडीवर अडले होते. त्या पानावर मराठी अक्षर उमटत नव्हते.

ही अडचण आपल्या लिपीला नवी नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर, कारण देवनागरीचे खिळे पाडणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. इंग्रजी जुळाऱ्याचे काम सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या वळणांवर भागते. मराठी जुळाऱ्यापुढे काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे अशी शेकडो घरांची केस मांडलेली असे. हे ओझे हलके व्हावे म्हणूनच सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली होती. यंत्र बदलले तरी दुखणे तेच राहिले. संगणक जन्माला आला तो इंग्रजी अक्षरे घेऊन. आपल्याकडच्या हुशार लोकांनी त्यावर तोड काढली ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे नेऊन बसवायची. संगणकाला वाटावे आपण इंग्रजी 'के' दाखवतो आहोत, आणि पडद्यावर दिसावा 'क' किंवा अर्धा 'ज' किंवा आणखी तिसरेच काही! ज्याच्या-त्याच्या फाँटमध्ये कोणते चित्र कोणत्या घरात बसवायचे, हे ज्याचे-त्याचे गुपित. छपाईपुरते हे झकास चालले. पण तो मजकूर दुसऱ्याकडे पाठवला आणि त्याच्याकडे तो फाँट नसला, की सगळ्या निबंधाचे कंस, स्वल्पविराम आणि तुटक इंग्रजी अक्षरे होऊन जात. आमच्या महाविद्यालयाच्या २००२ सालच्या वार्षिकाची तबकडी मी मागे कपाटातून काढून लावून पाहिली. पाने सगळी शाबूत आहेत. पण एका विद्यार्थिनीची कविता उघडली तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेली! छापील प्रत होती म्हणून ती कविता वाचली.

या गुंत्यातून सुटका केली ती 'युनिकोड' या व्यवस्थेने. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली. कल्पना इतकी सोपी, की हे आधीच कोणाला कसे सुचले नाही असे वाटावे. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा. मग यंत्र कोणतेही असो, देश कोणताही असो, 'क' म्हटले की 'क'च. देवनागरीच्या वाट्याला त्यात १२८ घरांची एक चाळ आली. तिची मांडणी आपल्याच देशात सरकारी पुढाकाराने तयार झालेल्या 'इस्की' या प्रमाणावरून घेतली होती. जोडाक्षरांना निराळी घरे लागेनात. 'क', पायमोड आणि 'ष' शेजारी-शेजारी ठेवले की यंत्रानेच 'क्ष' जुळवायचा. जुळाऱ्याची शेकडो घरांची केस एकदाची आवरली गेली. पुढे २००० सालच्या सुमारास विंडोजमध्ये 'मंगल' नावाचे देवनागरी वळण आले, आणि मुद्दाम काही विकत न घेता घरच्या संगणकावर मराठी दिसू लागले. या 'मंगल'चे कर्ते आपले र. कृ. जोशी. सुलेखनकार आणि मराठी कवी. कोट्यवधी माणसांनी पडद्यावर जे पहिले देवनागरी अक्षर पाहिले, ते एका कवीच्या हातचे होते. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट असायला हवी होती, असे मला नेहमी वाटते.

तरी मराठीपणाचे काही काटे बोचतच होते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावले तर व्याख्यान मिळते, 'आचाऱ्यांना' बोलावले तर जेवण. हा आडवा, मिशीसारखा अर्धा 'र' हिंदीत नाही. त्यामुळे तो उमटवण्याची किल्ली पुष्कळांना सापडत नसे. तेव्हाच्या कितीतरी अनुदिन्यांत सह्याद्रीवर दर्या उसळलेले आहेत! तीच कथा 'ॲ'ची. हिंदीच्या पद्धतीने 'ए'वर चंद्र काढून काम भागवावे लागे. मराठीच्या वळणाचा हा 'ॲ' युनिकोडमध्ये दाखल झाला तो २००८ साली. म्हणजे मराठी माणूस 'ॲडमिशन'च्या रांगेत सतरा वर्षे उभा होता म्हणायचा.

या सगळ्या खटाटोपात परदेशातली मराठी मंडळी पुढे होती, हे मान्य केलेच पाहिजे. घरात संगणक, खिशात थोडा पैसा आणि मराठी बोलायला शेजारी नाही, अशी तिन्ही कारणे त्यांच्यापाशी होती. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ सालीच सुरू केले. 'मनोगत' २००४ मध्ये आले, 'मिसळपाव' २००७ मध्ये. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. आणि या सगळ्यांच्या आजूबाजूला, पावसाळ्यात कुंपणावर वेल चढावेत तशा, अनुदिन्या उगवल्या.

त्यांतली एक माझ्या आत्याची.

आत्या सांगलीला एका मुलींच्या शाळेत मराठी आणि भूगोल शिकवीत असे. २००३ साली ती निवृत्त झाली; त्याआधीच काका गेलेले. आतेभाऊ न्यू जर्सीला. त्याने आपला जुना संगणक तिला दिला तो एवढ्याचसाठी, की रविवारी त्यावर नातवाचे तोंड दिसावे. पण आठवड्याचे उरलेले सहा दिवस ते यंत्र रिकामे बसून राहते, हे आत्याच्या स्वभावाला मानवणारे नव्हते. २००७ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा ती मला म्हणाली, "अगं, यावर ज्ञानेश्वर कसा काढायचा ते सांग. मघापासून त्याचा 'दन्यानेश्वर' होतोय." मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टंकायचा आणि यंत्राने तो देवनागरीत उलटवायचा, अशी ती सोय होती. 'ज्ञ' तिला त्या दुपारी सापडला. 'ऱ्या' सापडायला दसरा उजाडला. बासष्टाव्या वर्षी, दोन बोटांनी टंकत, तिने अनुदिनी सुरू केली आणि २०१४ पर्यंत तीवर १४३ टिपणे लिहिली. २०१६ साली ती गेली.

काय लिहिले तिने? मोठे म्हणावे असे काहीच नाही. कृष्णेला पाणी चढू लागले की कोणत्या गल्लीतले लोक आधी सामान माळ्यावर टाकतात. शाळेतल्या शिपाईमावशींनी घंटेचे टोल किती तऱ्हांनी दिले. १९५०-६० च्या घरात किती प्रकारची फडकी असत आणि कोणते कशाला वापरले तर मार बसे. गुळाची पोळी. दिवाळीत फसलेला अनारसा आणि त्याचे पुढे काय केले. एक टिपण तर नुसते पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईवर आहे. ती बाई वर्षातून दोनदा दारावरून "पाट्याऽला टाकीऽय" असे ओरडत जायची. छिन्नी-हातोडीने गुळगुळीत झालेल्या पाट्यावर पुन्हा खाचा पाडायची. मग आजी मूठभर जाडे मीठ वाटून टाकून द्यायची, कच निघून जावी म्हणून. आणि त्या दिवशीची चटणी कशी निराळी लागायची. त्या टिपणाला निमित्त झाले होते २००९ सालच्या भारनियमनाचे: वीज गेली, मिक्सर बंद पडला आणि तिला माळ्यावरचा पाटा आठवला.

मी भाषेची शिक्षिका. तेव्हा आत्याचे लिखाण म्हणून नव्हे, एकंदरीतच या अनुदिन्यांविषयी माझे मत विचाराल तर ते सरसकट कौतुकाचे नाही. फार मोठा भाग सामान्य होता. पहिल्या पावसावरच्या कविता तर इतक्या पडल्या, की कोणाही हवामानखात्याने दखल घ्यावी. पुष्कळांनी तीन टिपणे लिहिली, चौथ्यात 'बरेच दिवस लिहायला वेळ झाला नाही' असे कळवले आणि पाचवे आलेच नाही. शुद्धलेखनाविषयी न बोललेले बरे. प्रतिसादांतली भांडणेही मी पाहिली आहेत: साबुदाण्याच्या खिचडीत हळद घालावी की नाही, यावर चाळीस माणसे तीन दिवस हातघाईवर आली होती आणि शेवटी एकमेकांच्या गावांवर घसरली.

पण हे सगळे मान्य करूनही काही शिल्लक उरते, आणि ते थोडेथोडके नाही. आमच्या छापील वाङ्मयात मुंबई-पुण्याच्या बाहेरच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईला लिहिती करणारी जागा कोठे होती? वर्गात आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवतो, आणि बोलीच्या ओघात लिहिलेले ते पुस्तक कसे अजोड आहे हे सांगतो. ते खरेच आहे. पण लिहिण्यासारखे आयुष्य असलेल्या आणि तसे बोलू शकणाऱ्या कितीतरी बायका कागदापर्यंत पोचल्याच नाहीत, हे सांगायला आम्ही विसरतो. अनुदिनीने अशा माणसांना कागद दिला. रेल्वेतले गार्ड, बँकेतले कारकून, गावोगावच्या शिक्षिका, आखातात नोकरीला गेलेले इंजिनिअर, यांनी आपापल्या कामाचे शब्द घेऊन लिहिले. 'टाकी', 'कच', 'वैल', 'उतरंड' असे शब्द मला विद्यार्थ्यांना समजावून द्यावे लागतात तेव्हा मी कोश काढत नाही. असे एखादे टिपण वाचून दाखवते.

आणि टोपणनावाने, हप्त्या-हप्त्याने, वाचकांशी थेट बोलत लिहिण्याची रीत आपल्याकडे या यंत्राने आणली, असे कोणी समजू नये. गोपाळ हरी देशमुखांनी 'प्रभाकर' साप्ताहिकातून १८४८ ते १८५० या काळात एकशे आठ पत्रे लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाने. लिहायला लागले तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते, आणि सरकारी नोकरी चालू होती. लोकांनी शिव्या दिल्या, लोकांनी वाचलेही. फरक एवढाच, की तेथे मध्ये भाऊ महाजनांसारखा संपादक बसलेला होता. संपादक नसल्याचा तोटा अनुदिनीला झाला, फायदाही झाला; कोणता अधिक, यावर मी आणि माझे एक सहकारी बारा वर्षे वाद घालत आलो आहोत.

मग हे दिवस ओसरले. २०१० नंतर माणसे फेसबुककडे वळली. तेथे लिहिले की हातोहात पन्नास जण 'छान' म्हणतात. अनुदिनीवर एका प्रतिसादासाठी आठवडा थांबावे लागे. सगळ्या अनुदिन्यांवरचे नवे लिखाण एका जागी आणून देणारा 'गूगल रीडर' होता, तोही २०१३ च्या १ जुलैला बंद झाला. वाचक पांगले. आणि मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि फोनमध्ये व्हॉट्सॲप आले. २०१७ साली तर मराठी नुसते बोलले की फोन ते टंकून देऊ लागला. 'ज्ञ' शोधण्याचे कष्ट संपले.

व्हॉट्सॲपला नावे ठेवण्याची आमच्या व्यवसायात चाल आहे; मी ती पाळणार नाही. माझ्या वर्गाच्या सूचना, आईच्या गोळ्यांचे फोटो आणि माहेरच्या सगळ्या बातम्या मला त्यावरच मिळतात. माझी तक्रार एकच आहे, आणि ती यंत्राच्या रचनेविषयी आहे. अनुदिनीवरच्या लेखाला पत्ता असतो. लेख दुसऱ्याला दाखवायचा तर तो पत्ता पाठवायचा. वाचणारा त्या घरी जातो, दारावरची पाटी वाचतो. व्हॉट्सॲपवर लोक पत्ता पाठवत नाहीत, मजकूरच उचलून चिकटवतात. एकदा तो घरातून बाहेर पडला की दहाव्या हातात तो कोणाचा होता हे सांगणारे काहीही त्याच्या अंगावर उरत नाही. पुढे पाठवलेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड' एवढेच दिसते, मूळ पाठवणारा दिसत नाही. २०१८ च्या जुलैत भारतापुरती एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली गेली, ती अफवांमुळे माणसे जिवाला मुकू लागली म्हणून. लेखकाच्या नावासाठी कोण मर्यादा घालणार?

२०२१ साली, टाळेबंदीच्या दिवसांत, आमच्या माहेरच्या ग्रुपवर एका सकाळी एक लेख आला. वर ठळक अक्षरांत 'पु. ल. देशपांडे यांचा अप्रतिम लेख, जरूर वाचा'. एका चुलत मेहुण्यांनी लगेच लिहिले, "पु.लं.ची सर कोणाला येणार!" त्यांच्या पाठोपाठ हात जोडलेली चित्रे आली. आणि मग, एरवी त्या ग्रुपवर कधी चकार शब्द न लिहिणाऱ्या माझ्या आईने फोनवर बोलून निरोप टंकला: "अगं ही तर आपल्या वन्संची टाकीवाली."

ती खरोखरच होती. सांगलीची पुणे झाली होती. आजीचे नाव गेले होते. शेवटी कोणीतरी 'गेले ते दिवस, पटले तर पुढे पाठवा' अशी पुस्ती जोडली होती. सर्वांत वाईट म्हणजे, मधल्या कोण्या सज्जनाला 'टाकी लावणे' हे ठाऊक नसावे; त्याने ते 'दुरुस्त' केले होते. त्यामुळे दारावर येणारी बाई छिन्नी-हातोडी घेऊन पाण्याची टाकी साफ करीत होती, आणि आजी त्या टाकीत मूठभर मीठ का टाकते हे काही केल्या उलगडत नव्हते! पु. ल. गेले १२ जून २००० रोजी. लेखातले भारनियमन २००९ चे. आणि तरीही शंभर माणसांच्या ग्रुपवर एकालाही ही तारीख खटकली नाही. पु.लं.च्या नावावर, व. पु. काळ्यांच्या नावावर आणि कुसुमाग्रजांच्या नावावर त्यांच्या पश्चात इतके लिखाण खपवले गेले आहे, की त्या तिघांनीही ते पाहून कपाळाला हात लावला असता. ज्याचे लिखाण गेले त्याच्यावर हा अन्याय. ज्याच्या नावावर आले त्याच्यावरही.

मी मूळ लेखाचा पत्ता आणि तारीख ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले. मग 'शुभ सकाळ' आली, त्यावर गुलाबाचे फूल होते. तीन आठवड्यांनी तोच लेख माझ्या एका विद्यार्थ्याने मोठ्या भक्तिभावाने मला पाठवला. आता तो व. पुं.चा झाला होता.

कायदा काय म्हणतो, हे मी तेव्हा मुद्दाम वाचले. आपल्याकडचा कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या साठ वर्षांपर्यंत चालतो; म्हणजे आत्याच्या टिपणांवर २०७६ अखेरपर्यंत. त्यातले ५७ वे कलम तर फार सुंदर आहे. लेखकाने हक्क विकून टाकले असले तरीही 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा त्याचा अधिकार कोणी काढून घेऊ शकत नाही. २०१२ पर्यंत हे म्हणण्याचा अधिकार लेखकापुरताच होता, वारसांना नव्हता; त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो वारसांनाही मिळाला. म्हणजे माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून दावा लावू शकतो. कोणावर लावायचा, हा प्रश्न राहतो. "माझ्या सासूबाईंच्या भिशीवर?" असे त्यानेच मला विचारले.

पण नाव जाण्यापेक्षा मोठी धास्ती मला निराळीच लागून राहिली आहे. कागद वाळवी खाते, पण खाताना भुसा तरी पडतो. जाळ्यावरचे लिखाण जाते तेव्हा आवाजही होत नाही. लक्षावधी लोकांची घरगुती पाने सांभाळणारे 'जिओसिटीज' २००९ च्या ऑक्टोबरात बंद झाले. आपल्या देशात तरुण पोरांनी डोक्यावर घेतलेले 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ ला मिटले. 'याहू ग्रुप्स' २०२० च्या डिसेंबरात गेले, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी मराठी मंडळांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गेला. २०२३ साली गूगलने जाहीर केले, की दोन वर्षे कोणी न उघडलेली खाती काढून टाकली जाऊ शकतात. त्यांचेही बरोबर असेल. मालक नसलेल्या खोल्या किती दिवस झाडायच्या?

आत्याची अनुदिनी ज्या कंपनीच्या जागेत आहे तिचे नाव मी घेत नाही. सगळ्यांची रीत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. आत्याचे खाते तिच्यामागे कोणी उघडलेले नाही, कारण परवलीचा शब्द फक्त तिलाच माहीत होता. आतेभावाने मृत्यूचा दाखला पाठवून विनंती केली. आतला मजकूर देता येत नाही, असे सभ्य उत्तर आले. बाहेरून दिसणारी टिपणे तेवढी दिसतात. तिने अर्धवट लिहून ठेवलेली, न टांगलेली टिपणे असतील तर ती कुलपातच राहणार. फोटो तर आधीच गेले. ते तिने दुसऱ्या एका फुकट सोयीत ठेवले होते, आणि ती सोय बंद झाली. आता अनारशाच्या टिपणात अनारशाच्या जागी एक छोटी रिकामी चौकट आहे. फसलेल्या अनारशाचा तो एकुलता एक पुरावा होता!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझ्या मुलीने मिळून सगळी १४३ टिपणे उतरवून घेतली. सान फ्रान्सिस्कोला 'इंटरनेट अर्काइव्ह' नावाची एक संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती जपून ठेवते. तेथे एखादे पान जपा म्हणून कोणालाही सांगता येते, पैसे पडत नाहीत. मुलीने एका दुपारी बसून एकूणएक पत्ते तेथे नोंदवले. मला तरीही कागदाशिवाय चैन पडेना. तेव्हा छापून, शिवून, पुठ्ठा घालून तीन प्रती केल्या: एक न्यू जर्सीला, एक आईकडे, एक माझ्याकडे. प्रतिसादही छापले. नागपूरच्या एका गृहस्थांनी घंटेच्या टोलांवर लिहिलेला प्रतिसाद मूळ टिपणापेक्षा लांब आहे आणि, आत्याची क्षमा मागून सांगते, थोडा सरसही आहे.

नवे यंत्र आता आणखी पुढे गेले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरपासून विद्यार्थी माझ्याकडे जे निबंध आणतात, त्यांतले काही त्यांनी लिहिलेले नसतात हे मला पहिल्या परिच्छेदात कळते. ऱ्हस्वदीर्घ बिनचूक असतात, यावरूनच पहिला संशय येतो. 'माझी आजी' या विषयावर चौघांनी चार निबंध आणले. चारही आज्या प्रेमळ, चारही गोष्टी सांगणाऱ्या, आणि एकीच्याही स्वयंपाकघरात पाटा नव्हता. मी त्या मुलांवर रागावले नाही. ते यंत्र मराठी शिकले असेल ते माणसांनी जाळ्यावर लिहून ठेवलेल्या मराठीवरूनच, आणि तसे मराठी इंग्रजीच्या मानाने फार थोडे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. मी पेढा घेतला आणि त्या चौघांना सांगितले, की घरी जाऊन आजीला विचारा, तिच्या लहानपणी मीठ कशात ठेवीत. आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आणा. तिघांनी आणले. एकाची आजी म्हणाली होती, "मेल्या, हे विचारायला कॉलेजात जावं लागतं होय?" त्याने तेही लिहून आणले होते, त्याला मी सर्वांत अधिक गुण दिले.

आत्याच्या अनुदिनीवर अजूनही कोणी ना कोणी येत असते. २०२५ च्या संक्रांतीच्या आदल्या रात्री गुळाच्या पोळीच्या टिपणाखाली एक नवा प्रतिसाद दिसला. लिहिणारी बाई परदेशात असावी. पहिलीच संक्रांत, घरात विचारायला कोणी नाही, असे तिने लिहिले होते. "मावशी, सारणातलं बेसन तेलात भाजायचं की तुपात? आणि माझा गूळ फुटून बाहेर येतोय, काय चुकत असेल?" टिपण २००८ चे. मावशी नाहीत, हे तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी आईला फोन लावला. आई झोपेतून उठून म्हणाली, "तेलात. वन्सं तेलातच भाजायच्या. आणि तिला विचार, चिक्कीचा गूळ तर घेतला नाही ना? साधा, मऊ गूळ घे म्हणावं, आणि पोळी लाटताना सारण कडेपर्यंत जाऊ दे." मी ते जसेच्या तसे प्रतिसादात लिहिले, खाली माझे नाव घातले आणि पुढे कंसात लिहिले: 'लेखिकेची भाची'.